सत्तावन्न वर्षांची उधारी : नेपाळची राजेशाही कशी गेली

११ जून २००१. काठमांडूत बागमतीच्या काठी एक हत्ती उभा आहे. त्याच्यावर बसायला निघालेला ब्राह्मण राजाचे कपडे घालून आला आहे, डोक्यावर राजमुकुटासारखा तुरा आहे. थोड्याच वेळापूर्वी त्याने असं जेवण घेतलं आहे, की ज्याने त्याची जात बाटते. या विधीला तिथे 'कट्टो' म्हणतात. आपल्याकडे अकराव्याला कारट्याला जेवू घालून दान देतात, त्याच जातकुळीतला हा राजघराण्याचा विधी. गेलेल्या राजाचा जीव या माणसाबरोबर नदीपलीकडे जातो आणि खोऱ्याबाहेरच राहतो, अशी समजूत. राजा वीरेंद्र यांचा तो अकरावा दिवस होता. शहरातल्या कितीतरी पुरुषांनी स्वतःचा बाप गेल्यासारखं डोक्याचं मुंडण केलं होतं.

बरोबर सात वर्षांनी, ११ जून २००८ला, त्यांचे भाऊ ज्ञानेंद्र नारायणहिटी राजवाड्यातून मोटारीत बसून कायमचे बाहेर पडले. आता ते राजा नव्हते. फाटकाबाहेर गर्दी होती, घोषणा होत्या. राजासाठी मुंडण करणारं शहर सात वर्षांत राजाला निरोपाचा नमस्कारही करेना, एवढं मधल्या काळात काय घडलं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

थोडक्यात उत्तर द्यायचं तर मी असं म्हणेन : राजाने सगळी सत्ता एकट्याच्या हातात घेतली, म्हणून सगळा दोषही एकट्याच्या पदरात पडला. पण हे उत्तर पुरतं समजायला पन्नास वर्षं मागे जावं लागतं. कारण २००६मध्ये राजाविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या लोकांची मुख्य मागणी नवी नव्हतीच. ती एका जुन्या राजाने दिलेल्या शब्दाची वसुली होती.

१९५१चा शब्द

नेपाळात १८४६च्या कोत हत्याकांडानंतर खरी सत्ता राणा घराण्याकडे गेली. शाह राजे नावाला गादीवर आणि पंतप्रधानपद राणांच्या घरात पिढीजात, असं १०४ वर्षं चाललं. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. छत्रपती आणि पेशवे यांचं नातं आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. नोव्हेंबर १९५०मध्ये राजा त्रिभुवन कुटुंबासह भारतीय दूतावासात आश्रयाला गेले. राणांनी मागे राहिलेल्या तीन वर्षांच्या नातवाला गादीवर बसवलं. तो नातू म्हणजेच ज्ञानेंद्र. दोन-अडीच महिन्यांत त्याचं राज्य संपलं. शेवटचा राजा लहानपणीही एकदा राजा होऊन गेला होता, हे फार जणांना ठाऊक नसतं.

नेपाळी काँग्रेसचा सशस्त्र उठाव आणि दिल्लीचा दबाव यापुढे राणा नमले. १८ फेब्रुवारी १९५१ला, तिथल्या पंचांगाप्रमाणे २००७ सालच्या फाल्गुन ७ला, त्रिभुवन यांनी जाहीर केलं की यापुढे देश जनतेने निवडलेल्या संविधान सभेने तयार केलेल्या घटनेप्रमाणे चालेल.

हाच तो शब्द. तो पाळला गेला नाही. त्रिभुवन १९५५मध्ये वारले आणि त्यांचे पुत्र महेंद्र यांनी संविधान सभेऐवजी स्वतःच घटना 'दिली'. त्या घटनेखाली १९५९ची निवडणूक झाली, १०९पैकी ७४ जागा नेपाळी काँग्रेसला मिळाल्या आणि बी. पी. कोइराला पंतप्रधान झाले. पण जी घटना राजा देतो, ती राजा काढूनही घेतो. १५ डिसेंबर १९६०ला काठमांडूच्या थापाथलीत पक्षाच्या तरुणांची परिषद चालू असताना सैनिकांनी येऊन पंतप्रधानांना ताब्यात घेतलं. बी. पी. आठ वर्षं तुरुंगात होते. पक्षांवर बंदी आली, पंचायत व्यवस्था आली. वर राजा आणि खाली निवडून आलेल्यांचा देखावा, असा तीस वर्षांचा कारभार सुरू झाला. 'एक भाषा, एक भेष, एक राजा, एक देश' हे त्या काळातलं ब्रीद. मगर, तामांग, थारू, मधेशी, दलित अशा कोट्यवधी लोकांची भाषा आणि वेश त्या 'एक'मध्ये बसत नव्हता. या गोष्टीकडे नंतर परत यावं लागेल.

१९९०च्या जनआंदोलनाने पंचायत मोडली. आंदोलन मुद्दाम फाल्गुन ७लाच सुरू केलं होतं, तारीख लोक विसरले नव्हते. ६ एप्रिलला दरबार मार्गावर राजवाड्याकडे निघालेल्या जमावावर गोळीबार झाला आणि ८ एप्रिलच्या रात्री राजा वीरेंद्र यांनी पक्षांवरची बंदी उठवली. तेव्हा नेत्यांनी तडजोड केली. नवी घटना आली, सार्वभौमत्व जनतेचं झालं, निवडणुका झाल्या. पण संविधान सभा पुन्हा राहिलीच, आणि सैन्याची दोरी राजवाड्याच्या हातातून सुटली नाही. घटनेत आणखी एक छोटंसं कलम होतं, १२७ क्रमांकाचं : घटना राबवताना अडचण आली तर राजा ती दूर करण्यासाठी आदेश काढू शकेल. पुढे याच फटीतून राजेशाही आत शिरली.

डोंगरातलं युद्ध आणि राजवाड्यातली रात्र

१३ फेब्रुवारी १९९६ला माओवाद्यांनी 'जनयुद्ध' पुकारलं. त्याच्या काही दिवस आधी त्यांचे नेते बाबुराम भट्टराई यांनी पंतप्रधान शेरबहादूर देउबा यांच्याकडे ४० मागण्यांचं निवेदन दिलं होतं. रोल्पा आणि रुकुम या पश्चिमेकडच्या डोंगरी जिल्ह्यांतून युद्ध पसरलं. तिथे मगर समाज मोठ्या संख्येने आहे, रस्ते नव्हते, आणि सरकार म्हणजे फक्त पोलीस. दहा वर्षांत सुमारे १७,००० माणसं गेली. मारणारे दोन्ही बाजूंचे होते, मरणारे बहुतेक खेड्यातले.

गरिबी वाढली म्हणून क्रांती झाली, असं सरधोपट म्हणता येत नाही. सरकारी पाहणीनुसार १९९५-९६मध्ये ४२ टक्के लोक गरिबीरेषेखाली होते आणि २००३-०४मध्ये ३१ टक्के. ऐन युद्धात गरिबी घटली! कारण देशातला कारभार सुधारला हे नव्हतं. माणसं घराबाहेर पडली आणि पैसे पाठवू लागली. कोणी आखातात, कोणी मलेशियात, कोणी मुंबई-पुण्यात इमारतींच्या फाटकांवर, हॉटेलांच्या भटारखान्यांत. आपल्या सोसायटीत रात्री काठी आपटत फिरणाऱ्या 'गुरखा'ची पाठवणी त्या आकड्यात मिसळलेली आहे. या कुटुंबांच्या हातात दोन पैसे आले, पोरं शाळेत गेली, आणि आपल्याला राज्याकडून काहीच मिळालं नाही हेही त्यांना नीट कळलं.

मग १ जून २००१ची रात्र. नारायणहिटीत कौटुंबिक जेवणाला जमलेल्या राजघराण्यावर गोळीबार झाला. राजा वीरेंद्र, राणी ऐश्वर्या, दोन मुलं आणि इतर नातेवाईक गेले. युवराज दीपेंद्र बेशुद्धावस्थेतच राजा घोषित झाले आणि तीन दिवसांनी वारले. एकूण दहा बळी. ४ जूनला ज्ञानेंद्र गादीवर आले. ते त्या रात्री पोखऱ्यात होते. त्यांची पत्नी जखमी होऊन आणि मुलगा पारस धडधाकट वाचला होता. चौकशी समितीने दीपेंद्र यांना दोषी धरलं. लोकांचा विश्वास बसला नाही. त्याला एक कारण ज्ञानेंद्र यांनी स्वतःच पुरवलं. हंगामी राजप्रतिनिधी म्हणून काढलेल्या पहिल्या निवेदनात त्यांनी म्हटलं होतं की स्वयंचलित बंदूक अचानक उडाल्याने हे घडलं. दहा जीव घेणारा 'अपघात' कोण मान्य करणार? चौकशी समितीचा निष्कर्ष चुकीचा ठरवण्याइतका पुरावा आजवर पुढे आलेला नाही. पण इथे प्रश्न पुराव्याचा नाही. राजाला विष्णूचा अवतार मानणाऱ्या देशात राजवाड्यातून बाहेर आलेलं वाक्य पहिल्यांदाच उघडपणे खोटं मानलं गेलं. श्रद्धेला तिथे तडा गेला आणि तो पुढे बुजला नाही.

१ फेब्रुवारी

२००१च्या नोव्हेंबरात माओवाद्यांनी सैन्याच्या ठाण्यावर हल्ला केला, आणीबाणी आली, सैन्य उतरलं. २००२च्या मे महिन्यात संसद विसर्जित झाली आणि ऑक्टोबरात राजाने देउबा यांना 'अक्षम' ठरवून काढलं. मग एकामागून एक नेमलेले पंतप्रधान आले, त्यात पुन्हा देउबाही.

१ फेब्रुवारी २००५ला सकाळी ज्ञानेंद्र दूरचित्रवाणीवर आले. देउबा सरकार बरखास्त, आणीबाणी लागू, मंत्रिमंडळाचं अध्यक्षपद स्वतः राजाकडे. तीन वर्षांत सगळं सुरळीत करतो, असं आश्वासन. भाषण चालू असतानाच देशातले फोन बंद पडले. इंटरनेट गेलं. नेते घरातच स्थानबद्ध झाले, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत सैनिक बसले, एफएम रेडिओवर बातम्या द्यायला बंदी आली.

फोन बंद होणं ही कागदावर लहान गोष्ट वाटते. पण इतक्या घरांतली माणसं परदेशी असलेल्या देशात फोन म्हणजे संसाराचा दोर. पैसे पोचले का, आई कशी आहे, गावात माओवादी आले की सैन्य आलं, हे सगळं त्या तारेवर चालायचं. जे कुटुंब ना काँग्रेसचं होतं, ना कम्युनिस्टांचं, त्याच्या घरात राजा त्या सकाळी शिरला.

वृत्तपत्रांनी जमेल तसा विरोध केला. कोणी संपादकीयाची जागा कोरी सोडली. कोणी मोज्यांवर किंवा झाडांच्या कत्तलीवर अग्रलेख लिहिला; वाचणाऱ्यांना बरोबर कळलं. रेडिओवर बंदी आली तेव्हा काही ठिकाणी पत्रकारांनी चौकात कर्णे लावून बातम्या वाचून दाखवल्या.

आता निर्णय म्हणून या पावलाकडे पाहू. त्या दिवसापर्यंत राजाजवळ एक मोठी सोय होती. भ्रष्टाचाराचा राग पक्षांवर निघत होता, हिंसेचा राग माओवाद्यांवर, आणि राजा वर, वेगळा. पक्षांची पत खरोखरच गेली होती. बारा वर्षांत त्यांनी सरकारं पाडण्यापलीकडे फारसं काही दाखवलं नव्हतं, आणि १ फेब्रुवारीला काठमांडूत अनेकांना 'बरं झालं' असंच वाटलं. राजाने पक्ष आणि माओवादी यांना एकमेकांपासून दूर ठेवलं असतं तर गादी टिकली असती, असं माझं मत आहे. त्याऐवजी त्याने दोघांवर एकाच वेळी हात उचलला. भ्रष्टाचार निवारणासाठी नेमलेल्या शाही आयोगाने देउबांना तुरुंगात टाकलं. फेब्रुवारी २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आयोगच घटनाबाह्य ठरवला. शांतता तर आली नाहीच. भारत आणि ब्रिटनने नेपाळी सैन्याला मिळणारी मदत रोखली. आता वीज नाही, रस्ता नाही, सुरक्षा नाही, या सगळ्याला जबाबदार कोण, याचं उत्तर एकच उरलं होतं.

दिल्लीत बांधलेली मोट

माओवादीही अडकले होते. खेड्यांचा मोठा भाग त्यांच्या ताब्यात होता, पण जिल्ह्याचं एकही मुख्य ठिकाण त्यांना धरून ठेवता येत नव्हतं. हल्ला करायचा, तुरुंग फोडायचा, पहाटे निघून जायचं. २००५च्या एप्रिलमध्ये खारा इथल्या छावणीवरचा हल्ला फसला आणि त्यांची बरीच माणसं गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात रुकुममधल्या चुनबाङ इथे झालेल्या बैठकीत त्यांनी लोकशाही गणराज्य आणि बहुपक्षीय स्पर्धा मान्य केली. माओवाद्यांचे प्रमुख प्रचंड आणि बाबुराम यांच्यातलं भांडणही तिथेच मिटलं.

२२ नोव्हेंबर २००५ला सात पक्षांची आघाडी आणि माओवादी यांच्यात बारा कलमी समझोता झाला, दिल्लीत. माओवाद्यांनी बहुपक्षीय लोकशाही पत्करली, पक्षांनी संविधान सभा पत्करली. १९५१चा शब्द पुन्हा टेबलावर आला. भारतातून ज्यांनी या आंदोलनाला पाठबळ दिलं त्यांत माकपचे सीताराम येचुरी आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे डी. पी. त्रिपाठी हे ठळक होते. त्रिपाठी पुढे महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले. दोघांची गिरिजाप्रसाद कोइराला आणि डावे नेते यांच्याशी जुनी ओळख होती, आणि अशा वेळी ओळखच उपयोगी पडते.

पक्ष आणि माओवादी यांचा एकमेकांवर विश्वास नव्हता. गावोगाव माओवाद्यांनी काँग्रेसचे कार्यकर्ते मारले होते, आणि काँग्रेसच्याच सरकारांनी माओवाद्यांवर पोलीस सोडले होते. तरी जमलं, कारण प्रत्येकाला समोरच्याजवळची एकच वस्तू हवी होती. पक्षांजवळ शहर होतं, माओवाद्यांजवळ खेडी.

लोकांचा पक्षांवरचा राग निवळायला मात्र करार पुरला नसता. ते काम नागरी चळवळीने केलं. देवेंद्रराज पांडे, कृष्ण पहाडी अशा मंडळींनी २००५च्या पावसाळ्यात सभा घेतल्या. तिथे पक्षनेत्यांना व्यासपीठावर जागा नव्हती. ते समोर श्रोत्यांत बसायचे आणि वर बोलणारे कवी, प्राध्यापक त्यांच्या चुका त्यांना ऐकवायचे. गंधर्व जातीतला एक लहान मुलगा सारंगीवर गायचा. खाली मान घालून ऐकणारे ते नेते लोकांनी पाहिले, म्हणून पुढे त्यांच्या हाकेला लोक आले असं मला वाटतं.

८ फेब्रुवारी २००६ला राजाने नगरपालिकांच्या निवडणुका घेतल्या. निम्म्याहून अधिक जागांना उमेदवारच मिळाले नाहीत आणि मतदान सुमारे २० टक्के झालं. एखाद्या सत्तेला स्वतःची ताकद मोजायची असेल तर याहून स्पष्ट मोजमाप मिळणार नाही. दरबाराने ते वाचलं नाही.

एकोणीस दिवस

सात पक्षांनी ६ ते ९ एप्रिल असा चार दिवसांचा देशव्यापी बंद पुकारला. माओवाद्यांनी काठमांडू खोऱ्यात शस्त्रं न चालवण्याचं जाहीर केलं. सरकारने संचारबंदी लावली आणि बंद चौथ्या दिवशी संपण्याऐवजी बेमुदत झाला.

संचारबंदी कशी उलटली हे नकाशावर पाहण्यासारखं आहे. काठमांडू आणि पाटणला वेढणारा २७ किलोमीटरचा रिंगरोड आहे. बंदी होती ती रिंगरोडच्या आत आणि बाहेर थोड्या अंतरापर्यंत. म्हणजे राजवाडा, कचेऱ्या, जुनं शहर कुलूपबंद. पण रिंगरोडच्या बाहेर कीर्तिपूर, कलंकी, गोंगबू, चाबहिल अशी वस्ती दहा वर्षांत फुगली होती. कोण होते हे लोक? युद्धाला कंटाळून डोंगर उतरलेली कुटुंबं, भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहणारे विद्यार्थी, मजूर, बस अड्ड्यावर पोट असलेली माणसं. सरकारने आतलं शहर राखलं आणि बाहेरचं कडं नकळत आंदोलनाला देऊन टाकलं. रोज सकाळी त्या कड्यावर टायर पेटायचे, फांद्या आडव्या पडायच्या, आणि मोर्चे वाढत जायचे. गोंगबूत पोलिसांनी घराघरांत घुसून लोकांना मारलं, त्याचा परिणाम असा झाला की जे आत बसले होते तेही दुसऱ्या दिवशी बाहेर आले.

मग एकेक पेशा आला. काळ्या कोटातले वकील रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यावर रबरी गोळ्या झाडल्या गेल्या. डॉक्टर, परिचारिका रुग्णालयांच्या आवारात उभे राहिले. बँकांचे कर्मचारी आले. आणि गृहमंत्रालयाचे कर्मचारी, म्हणजे संचारबंदीचे आदेश ज्या खात्यातून निघत होते त्या खात्याचे लोक, निदर्शनं करून अटकेत गेले. ज्याच्या कलमावर राज्य चालतं तो कारकून उठला की राजाची वेळ जवळ आली असं समजावं. संध्याकाळी दिवे मालवण्याची हाक असली की वस्त्यावस्त्यांत अंधार व्हायचा.

घोषणा कोणती? 'ज्ञाने चोर, देश छोड.' हे तीन-चार शब्द नेपाळीत किती जड होते, हे मराठी माणसाला सांगितलं पाहिजे. नेपाळीत राजासाठी वेगळी भाषा होती. आपल्याकडे अरे-तुरे आणि अहो-जाहो. तिथे त्याच्या वर आणखी एक मजला. राजा जेवत नसे, त्याचा 'ज्यूनार' होई. राजा येत नसे, 'सवारी' होई. त्याच्या प्रत्येक क्रियापदाला 'बक्सनु' जोडायचं. साधं 'तपाईं' म्हणणं हासुद्धा अपमान. अशा राजाचं नाव तोडून 'ज्ञाने' करायचं, जसं आपण गल्लीतल्या पोराला गण्या, पक्या म्हणतो तसं, आणि ते लाखोंनी भर रस्त्यात एका आवाजात म्हणायचं. राजेशाही कायद्याने दोन वर्षांनी गेली. लोकांच्या जिभेवरून ती त्या एप्रिलमध्येच गेली होती.

राजा तोवर काय करत होता? १४ एप्रिलला, नेपाळी नववर्षाच्या दिवशी, त्याने संदेश दिला : संवाद करा, निवडणुकीत भाग घ्या. लोक रस्त्यावर कशासाठी आहेत याचा त्यात मागमूस नव्हता. २० एप्रिलला कलंकीत गोळीबार झाला, तीन जण गेले, कितीतरी जखमी झाले. त्याच सुमारास भारताने करण सिंह यांना विशेष दूत म्हणून पाठवलं. त्यांचं नेपाळच्या राजघराण्याशी नातं होतं. २१च्या संध्याकाळी राजाने कार्यकारी सत्ता जनतेला परत केल्याचं जाहीर करून सात पक्षांना पंतप्रधानाचं नाव सुचवायला सांगितलं. दिल्लीने आधी स्वागत केलं. रस्त्याने नाकारलं. आणि रस्ता नाकारतोय म्हटल्यावर पक्षांनाही नाकारावंच लागलं. १९९०ला नेते घाईने घरी परतले होते ते लोकांच्या लक्षात होतं. २२ तारखेला जमाव संचारबंदी मोडून आतल्या शहरात शिरला. दिल्लीनेही मग भाषा बदलली.

पुढचा बेत २५ एप्रिलचा होता : संपूर्ण रिंगरोडभर वीस लाखांचा वेढा. खोऱ्यात भाजीपाला, गॅस, इंधन संपत आलं होतं. नागढुंगाच्या घाटातून ट्रक येत नव्हते. सैन्याने एवढ्या लोकांवर बंदूक चालवली असती का? तोवरचा संयम काही अंशी बाहेरच्या नजरेचाही होता. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचे निरीक्षक २००५पासून देशात होते, निळ्या जाकिटात मोर्चांच्या कडेला उभे राहायचे. शांतिसेनेत जवान पाठवून नाव आणि पगार मिळवणाऱ्या सैन्याला ती नजर टाळता येत नव्हती. तरी दीड डझनाहून अधिक माणसं या एकोणीस दिवसांत मारली गेली आणि जखमींची संख्या हजारोंत होती.

२४ एप्रिलच्या रात्री साडेअकराच्या सुमारास ज्ञानेंद्र पुन्हा दूरचित्रवाणीवर दिसले. २००२मध्ये विसर्जित झालेली संसद त्यांनी पुन्हा स्थापन केली. दुसऱ्या दिवशीचा वेढा विजयाची मिरवणूक झाला.

पुढे काय झालं

गिरिजाप्रसाद कोइराला ऐंशी ओलांडलेले, आजारी, प्राणवायूच्या आधाराने पंतप्रधान झाले. १८ मे २००६ला संसदेने एका घोषणेने 'श्री ५ को सरकार'चं, म्हणजे महाराजांच्या सरकारचं, 'नेपाल सरकार' केलं, सैन्याच्या नावातला 'शाही' काढला आणि देश धर्मनिरपेक्ष ठरवला. २१ नोव्हेंबरला शांतता करार झाला. २००७च्या सुरुवातीला अंतरिम घटना आली आणि आठवड्याभरात मधेश, म्हणजे भारताच्या सीमेलगतचा तराईचा सपाट प्रदेश, पेटला. राजाविरुद्ध एकत्र लढलेल्या तराईतल्या लोकांना नव्या घटनेतही आपला वाटा दिसेना. 'एक भाषा, एक भेष'चा हिशेब राजा गेल्याने आपोआप चुकता होणार नव्हता.

१० एप्रिल २००८. संविधान सभेची निवडणूक. त्रिभुवन यांच्या शब्दानंतर ५७ वर्षांनी. ६०१ जणांची सभा, तिच्यात १९७ स्त्रिया. दलित, जनजाती, मधेशी इतक्या संख्येने त्याआधी कुठल्याच सभागृहात बसले नव्हते. माओवादी २२० जागांसह पहिले आले. २८ मेला रात्री मतदान झालं : गणराज्याच्या बाजूने ५६०, विरोधात ४. २४० वर्षांची शाह राजवट संपली. ज्ञानेंद्र यांनी शिरपेच आणि राजदंड सरकारच्या स्वाधीन केला, राजवाड्यातच पत्रकारांना बोलावून देश सोडणार नसल्याचं सांगितलं आणि ते नागार्जुनच्या जंगलातल्या बंगल्यात राहायला गेले. कोणी त्यांना मारलं नाही, हाकललं नाही. सावत्र आई, राणी रत्ना, राजवाड्याच्या आवारातल्या घरातच राहिल्या. दहा वर्षं रक्त सांडलेल्या देशाने राजाला असं जिवंत आणि सुखरूप जाऊ दिलं, याचा मला फार आदर वाटतो.

बाकीचं फळ मात्र आंबट-गोड आहे. पहिली संविधान सभा घटना न देताच २०१२मध्ये संपली. दुसरीने २० सप्टेंबर २०१५ला ती दिली आणि तराईत पुन्हा माणसं मेली. सरकारं येत-जात राहिली, एकाही पंतप्रधानाने पूर्ण मुदत काढली नाही. कोइराला, देउबा, ओली, प्रचंड हीच नावं फिरत राहिली. गावातली पोरं विमानतळाच्या रांगेत तशीच उभी राहिली. २०२५च्या मार्चमध्ये राजा परत आणा म्हणून काठमांडूत मोर्चा निघाला आणि हिंसेत दोन जण गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात समाजमाध्यमांवरच्या बंदीने भडकलेल्या तरुणांवर गोळीबार झाला, पहिल्याच दिवशी १९ जण मारले गेले, दुसऱ्या दिवशी सिंहदरबार हे सरकारचं मुख्यालय जळालं आणि पंतप्रधान ओली पायउतार झाले. माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. एवढं होऊनही त्या तरुणांनी मागितली ती निवडणूक आणि स्वच्छ कारभार. गादी हा त्यांच्या रागाचा पर्याय नव्हता.

युद्धातल्या लढवय्यांचा प्रश्न सुटला. संयुक्त राष्ट्रांनी १९,६०२ जणांची नोंद केली, त्यांतले सुमारे १,४०० सैन्यात गेले, बाकीचे पैसे घेऊन घरी. राहिला तो बेपत्तांचा. हजाराहून अधिक माणसं, काही सैन्याने नेलेली, काही माओवाद्यांनी. सत्य शोधण्यासाठी आयोग २०१५मध्ये नेमले गेले. दोन्ही बाजूंचे नेते आलटून पालटून सत्तेत असल्यामुळे खटले उभे राहायची कोणालाच घाई नव्हती.

ज्यांची माणसं गेली त्यांच्या घरांत देह आलेला नाही. काहींनी कुशाचा पुतळा करून, आपल्याकडच्या पालाशविधीसारखे, क्रियाकर्म उरकून घेतलं. काही बायका अजून सिंदूर लावतात. गावातल्या काहींना ते आवडत नाही, कारण नवरा परत येणार नाही हे सगळ्यांना कळतं. आणि पुसलं तरी बोलणारे असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी त्या फोटो घेऊन जातात, अर्जावर अंगठा किंवा सही करतात, पोच घेतात आणि संध्याकाळच्या बसने परत येतात.